उद्याची शिदोरी



महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने भाषण करायचे म्हटले की विषय ग्रंथांचा, इतिहासाचा, नाही तर समाजाचा असावा अशी अपेक्षा असते. मी मात्र आज कोंबडीच्या कोशिंबिरीविषयी बोलणार आहे, आणि तेही पंचवटीत राहून! काळारामाच्या मंदिराभोवतालच्या गल्ल्यांतल्या कित्येक घरांत मांसाहार शिजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पंचवटी काही तेवढीच नाही. निमाणीचा बसथांबा, मार्केट यार्ड, पेठ रोड, दिंडोरी रोड, आडगाव नाका हीसुद्धा पंचवटीच. इथे सर्व तऱ्हेची माणसे राहतात आणि ज्याच्या त्याच्या घरी जे ते शिजते. ज्यांना कोंबडी चालत नाही त्यांच्यासाठी मटकीची कृती पुढे येणारच आहे, तेव्हा त्यांनीही थोडा धीर धरावा.

खरे तर माझा विषय कोंबडी नव्हेच. माझा विषय आहे डबा. आज रात्री करून ठेवायचा आणि उद्या दुपारी खायचा डबा.

सकाळी लवकर घर सोडणारी माणसे आपल्या भागात किती आहेत बघा. १९७५ साली सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांची गाडी म्हणून ओळखली जाते. पंचवटीतल्या माणसाला ती गाठायची तर आधी नाशिक रोड स्टेशन गाठले पाहिजे, म्हणजे घरातून अंधारातच निघाले पाहिजे. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या शाळांत जाणारे शिक्षक पहिली एस.टी. धरतात. द्राक्षबागेत गोडी छाटणीला जाणाऱ्या बाया तर उजाडायच्या आत गाडीत बसलेल्या असतात. मुंबईच्या चाकरमान्याची सोय वेगळी. तिथे १८९० सालापासून डबेवाले आहेत. माणूस आधी कचेरीत जातो, मागाहून घरी डबा होतो आणि जेवणाच्या वेळेला त्याच्या टेबलाशी पोचतो. आपल्याकडे डबा आपल्याबरोबरच निघतो. तो सहाला निघायचा असेल, तर कोणी तरी चारला उठलेच पाहिजे.

हे "कोणी तरी" म्हणजे कोण, ते मी सांगायला नको. आपल्या घरोघरी ती आई असते, बायको असते, सून असते.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळची बस तिची, आणि चारला उठून सर्वांचे डबे करण्याचे कामही तिचेच. माझे व्याख्यान अकराला. मी साडेसहाला उठून चहाची वाट पाहत असे. हे बरोबर नाही असे मलाही वाटे, पण चार वाजता उठायचे माझ्याच्याने होईना. मग एकदा एप्रिल महिन्यात मनात आले, सकाळी नाही तर नाही, रात्री का करू नये? मी हौसेने कोंबडी उकडली. गरम असतानाच तिचे तुकडे केले, त्यांत दही, कांदा, काकडी, मीठ कालवले आणि ते सारे स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवले. फ्रिजमध्ये गरम पदार्थ ठेवू नये असे कुठे तरी ऐकले होते ना! सकाळी तो डबा मोठ्या ऐटीने पत्नीच्या हातात दिला.

तिने तो दुपारी साडेबाराला शाळेत खाल्ला. संध्याकाळी घरी आली ती उलट्या करीतच. रात्री डॉक्टरांकडे सलाईन लावावे लागले. दोन दिवस शाळा बुडली. दोनच शिक्षकांची शाळा ती. एक शिक्षक गैरहजर म्हणजे चार वर्ग एकाच्या गळ्यात. तिसऱ्या दिवशी तिला जरा बरे वाटल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "अहो, डबा केलात याचं मला बरंच वाटलं. पण गरम अन्नावर झाकण घालू नये, हे माझ्या आजीलासुद्धा ठाऊक होतं. मला एकदा विचारायचंत तरी."

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मी त्या दिवसापासून डब्याचा अभ्यास सुरू केला. पुस्तके वाचली, डॉक्टर मित्रांना विचारले आणि सासूबाईंनाही विचारले. गंमत अशी की दोन्हीकडून उत्तर बहुतेक एकच मिळाले.

आपली जुनी शिदोरी आठवा. तिच्यात काय असे? भाकरी, शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, अख्खा कांदा. लांबचा प्रवास असला तर दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या. रस्सा नाही, दही कालवलेले नाही, चिरलेले काही नाही. जे ओले ते वेगळे, जे कोरडे ते वेगळे, आणि मिसळायचे ते जेवायच्या जागी. गोपाळकाल्याची गोष्ट तर लहान मुलालाही माहीत आहे. सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या कृष्णाने एकत्र कालवल्या, पण कालवल्या त्या रानात, खाण्याच्या वेळी. सप्ताहाच्या शेवटी आपण जो काला वाटतो, त्यात पोहे-लाह्या, दही, लोणचे, मिरची, काकडी असे सारे असते. थंड खायचा, चटकदार, मिसळलेला पदार्थ आपल्याला काही परका नाही. इंग्रजी लोक ज्याला सॅलड म्हणतात त्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतल्या मिठात आहे. मीठ लावलेली भाजी ती सॅलड. आपल्या कोशिंबिरीची आणि तिची सख्ख्या बहिणींसारखी ओळख पटते.

आता कोशिंबीर आदल्या रात्री करायची तर मोठी अडचण कोणती? तिला पाणी सुटते. का सुटते? मिठामुळे. काकडीच्या चकतीवर मीठ टाकले की तिच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. शिक्षक मंडळी, हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवा. एक काकडी, चिमूटभर मीठ आणि दहा मिनिटे, एवढेच साहित्य लागते. तेव्हा रात्रीच्या कोशिंबिरीत आपल्याला दोन गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत. एक मुरणे आणि दुसरी पाणी सुटणे. लोणचे मुरते तशी कोंबडी, मटकी, कोबी, गाजर ही रात्रभर मसाल्यात मुरतात आणि सकाळी अधिक चविष्ट लागतात. काकडी, टोमॅटो, कांदा यांना मात्र पाणी सुटते. मुरणारे रात्री कालवावे आणि पाझरणारे सकाळी घालावे, की निम्मे काम झाले.

आता कृती सांगतो. चार माणसांच्या डब्यांचे प्रमाण आहे.

अर्धा किलो हाडे काढलेली कोंबडी घ्या. ती नळाखाली खळखळून धुऊ नका. धुण्याने तिच्यावरचे जंतू मरत नाहीत. उलट उडणाऱ्या पाण्याबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. जंतू मरतात ते शिजवण्याने. कच्च्या कोंबडीची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यांवर दुसरे काही चिरू नका, आणि हातही साबणाने धुवा.

पातेल्यात कोंबडी बुडेल इतके पाणी, एक चमचा मीठ, चिमूट हळद, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या, चार मिरे घाला. उकळी आली की आच मंद करा. भरभरून उकळले तर मांस चिवट होते. मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे, तुकडे जाड असतील तर आणखी थोडा वेळ. सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून बघा. आत गुलाबी रंग दिसता कामा नये आणि रस स्वच्छ आला पाहिजे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक असेल त्यांनी आत ७४ अंश सेल्सियस झाले की समजावे, काम झाले. खाली राहिलेले पाणी ओतून देऊ नका बरं का! त्यात मीठ-मिरपूड, थोडा भात घालून रात्रीच्या जेवणाला सुरेख सूप होते.

कोंबडी बाहेर काढली की परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. ढीग करू नका आणि झाकण घालू नका. वीस-पंचवीस मिनिटांत ती हाताला गार लागेल. मग स्वच्छ हातांनी तिचे धागे सोडवा. सुरीने चौकोनी तुकडे करण्यापेक्षा धागे बरे, कारण त्यांत मसाला चांगला शिरतो.

हे चालू असताना दुसरीकडे पाव किलो दही फडक्यात बांधून ठेवलेले असावे. उन्हाळ्यात ते चाळणीत घालून, खाली वाडगे ठेवून फ्रिजमध्येच ठेवा. दोनेक तासांत पाणी निथळून चक्का उरतो. श्रीखंडाला लागतो तोच, पण इथे तो तिखट करायचा. साहेबी पद्धतीत इथे अंड्याचे मेयोनीज घालतात. आपल्याला त्याची गरज नाही. एक चमचा मोहरी पाण्याचे थेंब टाकीत खलबत्त्यात चांगली फेसा, नाकात झणका आला पाहिजे. ती चक्क्यात घाला. एका लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ, चिमूट साखर, थोडी मिरपूड घाला. दोन चमचे तेलाची जिरे, हिंग, कढीपत्ता आणि बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या यांची फोडणी करा. फोडणी गार होऊ द्या आणि मगच चक्क्यात मिसळा.

आता कोंबडीचे धागे, बारीक चिरलेला कोबी वाटीभर, किसलेले गाजर वाटीभर आणि हा तिखट चक्का एकत्र कालवा. झाकणाच्या डब्यात भरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. रात्रीचे काम एवढेच. चूल पेटल्यापासून डबा फ्रिजमध्ये जाईपर्यंत सव्वा तास पुरे होतो, आणि त्यात बराचसा वेळ कोंबडी शिजण्यात आणि निवण्यातच जातो.

सकाळी डबे भरताना त्यात दोन चमचे शेंगदाण्याचे जाडसर कूट आणि कोथिंबीर घाला. काकडी घालायची तर बिया काढून, मीठ लावून, पिळून घाला. आणि एक नाशिककरांची खास गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात १८९० नंतरच्या काळात सफरचंदाचे एक सॅलड निघाले आणि ते जगभर पसरले. तेव्हापासून सॅलडमध्ये फळ घालण्याची चाल तिकडे चांगलीच रुळली. कोंबडीच्या सॅलडमध्ये तर ते लोक हौसेने द्राक्षे घालतात. आपण तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांच्या पंगतीत बसलेली माणसे! जानेवारी ते एप्रिल मूठभर द्राक्षे अर्धी अर्धी चिरून घाला. एरवी चार बेदाणे किंवा डाळिंबाचे दाणे घाला. तिखट-आंबट चक्क्यात ती गोडी फार छान लागते. लासलगावचा कांदा मात्र वेगळ्या पुडीत न्यावा आणि जेवताना घालावा. रात्रभर चिरून ठेवलेला कांदा साऱ्या डब्याला वास लावतो.

पोळीत गुंडाळून खा, दशमीबरोबर खा. एका माणसाच्या वाट्याला यातून साधारण २५ ग्रॅम प्रथिने येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ आणि बाईला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे बाईची निम्म्याहून अधिक गरज एका डब्यात भागली. नुसती चटणी-भाकरी खाऊन दिवसभर वेली छाटणाऱ्या बाईच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय होतो, तो तुम्हीच लावा.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण कृतीपेक्षा ते महत्त्वाचे आहे.

अन्न खराब करणारे आणि आपल्याला आजारी पाडणारे जंतू ५ अंशांपासून ६० अंश सेल्सियसपर्यंतच्या उबेत वाढतात. त्याखाली आणि त्यावर त्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की शिजवलेले अन्न घरातल्या साध्या हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर एकच तास धरावा, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. मी काय केले होते? गरम कोंबडी बंद डब्यात कोंडली, म्हणजे ती तासन् तास कोमट राहिली. वर दही, काकडीचे पाणी. जंतूंना मी गादी-उशी घालूनच दिली म्हणा ना! आणि एक लक्षात ठेवा. काही जंतू अन्नात असे विष सोडून ठेवतात की पुन्हा उकळले तरी ते जात नाही. "गरम करून खाऊ, काही होत नाही" हा भरवसा खोटा आहे. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, हाही भरवसा खोटा. त्या दिवशीच्या डब्याला काही वास नव्हता.

म्हणून हे चार नियम. पहिला, शिजलेले अन्न पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसरा, दही-फोडणी जे काही कालवायचे ते गार झाल्यावरच कालवा. तिसरा, रात्री पाण्याची लहान बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी ती गोठलेली बाटली डब्याला लावून, दोन्ही जाड अस्तराच्या पिशवीत घालून न्या. दुपारी डबा हाताला चांगला गार लागला पाहिजे. कोमट लागला तर मोह सोडा, खाऊ नका. चौथा, रविवारी केलेली कोशिंबीर सोमवारी-मंगळवारी संपवा. वीज चार तासांहून जास्त गेली असेल तर फ्रिजमधली कोंबडी टाकून द्यावी. टाकताना जीव कळवळतो, पण सलाईन त्याहून महाग पडते.

ज्यांना मांस चालत नाही त्यांनी हाच चक्का मोड आलेल्या मटकीला लावावा. मोड आलेले कडधान्य कच्चे न्यायचे नाही. मोड येतात त्याच ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. म्हणून मटकी दहा मिनिटे वाफवा, पसरून निववा, आणि पुढे सारे तसेच. नियमही तेच चार. मटकी शाकाहारी आहे म्हणून जंतू तिला सोडीत नाहीत.

आणि ज्यांच्या घरी फ्रिज नाही, किंवा ज्यांना उन्हात शेताच्या बांधावर जेवायचे आहे, त्यांनी या दोन्ही कृतींच्या नादी लागू नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्यांनी काल्याची रीत धरावी. मूठ-दीड मूठ भाजलेले हरभरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मीठ-तिखटाची पुडी, अख्खी धुतलेली काकडी, अख्खा कांदा, लिंबू आणि एक स्वच्छ सुरी. जेवायच्या वेळी हात धुऊन तिथेच चिरा, पिळा, कालवा. यातून सतरा-अठरा ग्रॅम प्रथिने मिळतात, भाकरीची वेगळी. बिघडण्यासारखे काहीच नाही आणि चव ताजी. ही शिदोरीसुद्धा आदल्या रात्री बांधून ठेवता येते.

आता शेवटचे सांगतो. आदल्या रात्री डबा करण्यात वेळ वाचतो असे लोक म्हणतात. माझा अनुभव जरा निराळा आहे. वेळ तेवढाच लागतो, फक्त काम पहाटेच्या चार वाजल्यापासून उठून रात्रीच्या नऊवर येते. पण यातच सारे आहे. पहाटे चारला घरात एकच माणूस जागे असते. रात्री नऊला सारे घर जागे असते. मुलगा गाजर किसू शकतो, मुलगी मोहरी फेसू शकते, आजोबा शेंगदाणे सोलू शकतात, आणि प्राध्यापक महाशय कोंबडीचे धागे सोडवू शकतात. जे काम एकटीचे होते ते चौघांचे होते. आमच्या घरी आता आठवड्यातून तीन दिवस पहाटेचा गजर साडेपाचचा लागतो. त्या दीड तासाच्या झोपेचे मोल काय, ते पत्नीच्या चेहऱ्यावर दिसते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, मुलांना शिदोरीचे शास्त्र शिकवा. मिठाने पाणी का सुटते, गरम अन्न का कोंडू नये, हात कशासाठी धुवायचे हे सारे विज्ञानच आहे. आणि ते मुलींना शिकवाल तितकेच मुलांनाही शिकवा. मी ते वेळेवर शिकलो नाही, त्याची किंमत दुसऱ्या माणसाला मोजावी लागली.

आणि तुम्ही, गावोगावच्या श्रोत्यांनो, आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या कर्त्या बाईला एकच प्रश्न विचारा, "उद्याच्या डब्यातलं माझं काम कोणतं?" पहिल्या दिवशी ती हसेल. हसू द्या. दुसऱ्या दिवशी ती गाजर आणि किसणी तुमच्यापुढे ठेवील.